जागं करायचं राहून गेलं

"पापण्या जड होत चालल्या... आणखी जड... आता उघडू म्हटलं तरी उघडायच्या नाहीत," आमचे हे व्यासपीठावरून म्हणाले, आणि समोर खुर्चीत बसलेल्या माझ्या सासूबाईंची मान खरोखरच छातीवर पडली.

मंगल कार्यालय एकदम चिडीचूप झालं. मागच्या अंगाला आचारी मसालेभात ढवळत होता, त्याचं उलथणंही थांबलं.

तासगावच्या व्यापारी मंडळाचं ते स्नेहसंमेलन. संगीत खुर्ची झाली होती, उखाणे झाले होते, भात शिजायला अवकाश होता, म्हणून 'श्री. भूपाल आरवाडे यांचे संमोहनाचे प्रयोग' असं मध्येच घुसवलेलं होतं. भूपाल आरवाडे म्हणजे आमचे हे. बाजारपेठेत आमचं चष्म्याचं दुकान. ते आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुरू केलेलं. संमोहनाशी आमच्या घराण्याचा संबंध जेमतेम महिन्याभराचा होता.

झालं होतं असं, की सांगलीला संमोहनाचं तीन दिवसांचं शिबिर भरलं. हे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी सकाळी डबा भरून ठेवला, तर हे दुकानाच्या चाव्या खिशात घालताहेत.

"शिबिर?" मी विचारलं.

"झालं की. आज नुसती उजळणी असणार. जे येतं तेच पुन्हा कशाला ऐकायचं?" मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "त्रिशला, तुला म्हणून सांगतो. बाकीच्यांना अवघड जातंय ते. आपला धंदाच डोळ्यांचा. डोळ्यापर्यंत आपण पोचलेलोच आहे. तिथनं मेंदू असा किती लांब?"

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यावर प्रयोग केला. मी पहाटेपासून उडदाचे पापड लाटत होते. खुर्चीत टेकले आणि दोऱ्याला बांधलेली चष्म्याची काच दोनदा इकडून तिकडे गेली, तेवढ्यात मला झोप लागली. दुसरा प्रयोग शेजारच्या मांजरावर. तिसरा दुकानात, भर दुपारी जेवून आलेल्या एका गिऱ्हाइकावर. तिघंही झोपलो. "तीनपैकी तीन!" हे म्हणाले. "शिबिरातल्या गुरुजींचासुद्धा एक हुकला होता."

स्नेहसंमेलनात मात्र कुणी पुढे येईना. हे हातात काच धरून उभे, आणि समोरचे लोक एकमेकांना कोपरानं ढोसताहेत. बेदाण्याचे व्यापारी कबाडगे पहिल्या रांगेतून ओरडले, "भूपालशेठ, आधी आमचा चष्मा नाकावर टिकवा, मग आम्हाला झोपवा!"

सगळं कार्यालय हसलं. ह्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता मीच उठावं. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सासूबाई उठल्या.

हे किती नवलाचं होतं ते सांगितल्याशिवाय कळायचं नाही. सासूबाई म्हणजे हळदीकुंकवालासुद्धा दाराआडून बोलणारी बाई. घरात आप्पांचा आवाज एवढा मोठा की त्यांना बोलायची सवयच राहिली नव्हती. "अगं, तू कुठं निघालीस?" असं आप्पा म्हणेपर्यंत त्या पदर सावरून पायऱ्या चढल्याही होत्या.

आणि आता त्यांची मान छातीवर होती.

"तुमचं नाव काय?" ह्यांनी खोल आवाज काढून विचारलं.

"चंपा."

लोक कुजबुजले. सासूबाईंचं नाव सुलोचना.

"पूर्ण नाव?"

"चंपा बाळगोंडा पाटील. मुक्काम निपाणी." आवाजही निराळाच, कोवळा, चिरका.

"वय?"

"अकरा."

ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, तसं आमच्या लग्नातही आलं नव्हतं. ते माईक तोंडाशी धरून म्हणाले, "मंडळी! माहेरचं नाव! मी विषयाला थेट बालपणात नेलेलं आहे! हे मी सांगितलेलंसुद्धा नव्हतं, आपोआप झालं!"

टाळ्यांचा कडकडाट. कबाडगे उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. चंपानं मग सगळ्यांसमोर एक परकरी पोरींचं गाणं म्हटलं, फुगडीची गिरकी घेतली, आणि पहिल्या रांगेतल्या आप्पांकडे बोट दाखवून विचारलं, "ते मिशीवाले काका रागावलेत का?"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांच्या मिशा थरथरत होत्या.

"आता मी टाळी वाजवताच तुम्ही जागे व्हाल," हे म्हणाले. टाळी वाजवली.

"मला भूक लागली," चंपा म्हणाली.

ह्यांनी पुन्हा टाळी वाजवली. मग दोन्ही कानांशी वाजवली. मग काच उलट्या बाजूनं फिरवून पाहिली. शेवटी मला पडद्यामागे बोलावून माझं मनगट धरलं.

"अगं, जागं करायचं तिसऱ्या दिवशी होतं वाटतं."

"मग मी कशी जागी झाले होते?"

"तू?" त्यांनी काच खिशात घातली. "तू कुकरच्या शिट्टीनं उठलीस."

*

घरी आल्यावर चंपानं परसातल्या पेरूखाली बैठक मारली आणि मला खडे गोळा करायला लावले. मी स्वयंपाकाला चल म्हटलं, तर म्हणाली, "मला चूल पेटवता येत नाही बाई. आमच्यात ताई करते."

दिवस मावळायच्या आत आमच्याकडे जेवणं उरकतात. त्या दिवशी पहिल्यांदा आप्पांना कुणी ताट वाढून हाक मारली नाही. मी एकटी पडले होते. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले, इकडे तिकडे बघितलं, आणि स्वतःच्या घरात त्यांनी मला विचारलं, "त्रिशला, पाण्याचा तांब्या कुठं असतो गं?"

डॉक्टर मगदूम आले. त्यांनी नाडी बघितली, पापण्या वर करून बघितल्या. चंपानं जीभ काढून दाखवली.

"नाडी माझ्यापेक्षा बरी आहे," डॉक्टर म्हणाले. जाताना मात्र त्यांनी रुमालानं तोंड का झाकलं ते मला तेव्हा कळलं नाही.

"डॉक्टरांचा हा विषय नव्हे," हे म्हणाले. शिबिराच्या गुरुजींना फोन लावला होता, ते दौऱ्यावर होते. हे चेहरा पाडून बसायचे, आणि मध्येच उसळून यायचे. "पण बघितलंस का, किती खोल गेली! पहिल्याच जाहीर प्रयोगात! लोकांना वर्षं लागतात. माझी ताकद जरा जास्तच झाली बहुतेक. पुढच्या वेळी निम्मीच वापरायला पाहिजे."

"पुढच्या वेळी?" आप्पा ओरडले. "आधी हिला परत आण!"

"आणतो की. जिना चढता येतो त्याला उतरता येतोच."

"मग उतर!"

ह्यांनी मग काय काय केलं! गार पाण्याचे हबके मारले. चंपाला मजा वाटली, तिनं उलट ह्यांच्यावर तांब्या रिकामा केला. जाड नंबरची काच फिरवली, बारीक नंबरची फिरवली. "हिला लांबचं दिसतंय, जवळचं दिसत नाही, म्हणजे जवळच्या नंबरची काच पाहिजे," असं म्हणून दुकानातून वाचायच्या काचा आणल्या. शेवटी स्वतःच काचेकडे टक लावून बसले आणि डुलक्या घ्यायला लागले. चंपानं त्यांच्या नाकाखाली खडूनं मिशा काढल्या.

मी तोंडात पदर कोंबून आत पळाले. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. ही बाई अशीच राहिली तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमटीला फोडणी दिली होती. चंपा आली, पळीभर आमटी हातावर घेतली, चाटली.

"चिंच पुढं गेली. गूळ घाल," ती म्हणाली.

आवाज चंपाचा नव्हता. रोजचा होता.

माझा हात डब्यावर थांबला. मी वळून बघितलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. चोरी पकडल्यावर पोरं बघतात तशा नव्हे. 'बघू, ही काय करते' अशा नजरेनं. बाहेर ओसरीवर ह्यांचं आणि आप्पांचं जुंपलेलं ऐकू येत होतं.

मी गुळाचा खडा काढला आणि आमटीत टाकला.

"आता बरी होईल," मी म्हटलं.

"होईल," त्या म्हणाल्या, आणि लंगडी घालत बाहेर गेल्या. त्या वयात, गुडघे दुखत असताना, लंगडी! माझ्या हातातली पळी खाली पडली, एवढं मी हसले.

तिथून पुढे मीही सामील. आप्पांसमोर मी चंपाच्या दोन वेण्या घातल्या. तिला चिंचेच्या गोळ्या आणून दिल्या. पण हे सगळं कशासाठी चाललंय ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, बाईला जन्मात कधी सुट्टी मिळाली नाही, ती घेतेय. घेऊ दे.

दुपारी आप्पा पेरूखालच्या कट्ट्यावर येऊन बसले. अंगात सदरा उलटा. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्रिशला, ती मला काका म्हणते गं."

मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"एवढ्या वर्षांत मी तिला एकदाही चंपा म्हटलं नाही. लग्नात नाव बदललं ते बदललं. असं काही नाव होतं, हेच विसरलो होतो."

चंपा खडे झेलत होती. ती थांबली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, मला ताईकडं सोडा की."

"कोण ताई?" आप्पांनी विचारलं. पण त्यांना कळलं होतं. मलाही कळलं.

सासूबाईंची थोरली बहीण, अंबूताई, निपाणीला असायची. त्या घराचं नाव आमच्याकडे निघत नसे, आणि त्याचं कारण एक चष्मा होता. अंबूताईंच्या लेकीच्या लग्नासाठी आप्पांनी आपल्या साडूंना, रायगोंडांना, नवा चष्मा करून दिला होता. आप्पा सांगलीला एका दुकानात सहा महिने काचा पुसायला होते, त्या बळावर नंबर काढायचे. डोळ्यांचे डॉक्टर पैसे उकळतात असं त्यांचं ठाम मत. रायगोंडा तो चष्मा लावून मांडवात उभे राहिले आणि भर गर्दीत मोठ्यांदा म्हणाले, "आप्पासाहेब, मला दोन नवऱ्या दिसाय लागल्यात. अक्षता कुठलीवर टाकू?" मांडव खदखदून हसला. आप्पा न जेवता बायकोला घेऊन उठले ते उठलेच. सासूबाईंनी नंतर एकदा निपाणीचा विषय काढला होता, तेव्हा आप्पांनी दोन दिवस अन्न सोडलं. मग त्यांनी पुन्हा काढला नाही.

"मला ताईकडं जायचंय," चंपा म्हणाली. आणि ती रडायला लागली.

ते रडणं मी अजून विसरले नाही. खडे तिच्या मुठीतून खाली पडले. दोन वेण्यांची ती म्हातारी बाई ओठ दाबून रडत होती, आणि त्यात चंपा कुठे संपली नि सासूबाई कुठे सुरू झाल्या ते मला सांगता आलं नसतं. त्यात सोंग नव्हतं.

हे धावत बाहेर आले. "बरोबर आहे!" ते म्हणाले. "विषय जिथं अडकलाय तिथं त्याला न्यावं लागतं. शिबिरात सांगितलं होतं."

शिबिरात असं काही सांगितलं नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. पण त्या घटकेला ह्यांच्याइतका शहाणा माणूस तालुक्यात नव्हता.

आप्पांनी सांडलेले खडे वेचून तिच्या मुठीत दिले. मग उठले.

"जीप सांग," ते ह्यांना म्हणाले.

*

निपाणीपर्यंत चंपा खिडकीत बसली होती आणि उसाची गाडी दिसली की टाळ्या पिटत होती. हे पुढे बसून ड्रायव्हरला संमोहनाचं शास्त्र समजावत होते. "गाडी चालवताना काच बघू नका हं माझी," ते म्हणाले, "उगाच तुम्हीही जाल." आप्पा मागे माझ्या शेजारी. कोल्हापूर मागे पडलं तसे ते स्वतःशीच तयारी करायला लागले. "मी आत येणार नाही. ओट्यावरच थांबेन. पाणीसुद्धा घेणार नाही."

रायगोंडांनीच दार उघडलं. वाळलेला उंच म्हातारा, डोळ्यांवर चष्मा. त्यांनी आप्पांना बघितलं, दोन वेण्यांच्या मेहुणीला बघितलं, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"आप्पासाहेब, माझ्या चष्म्यात आज पुन्हा काहीतरी बिघाड हाय," ते म्हणाले.

आप्पांच्या मिशा हलल्या. आणि मग त्यांच्या पोटातून असा काही आवाज आला, की मला आधी वाटलं त्यांना ठसका लागला. आप्पा हसत होते! इतक्या वर्षांचं साठलेलं हसू, ओट्यावरच्या खांबाला धरून. रायगोंडाही हसायला लागले. दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हेलपाटत होते आणि कोण कुणाला आत नेतंय ते कळत नव्हतं.

आतल्या खोलीत अंबूताई खाटेवर बसल्या होत्या. आवाजाच्या दिशेनं त्यांनी तोंड वळवलं, पण डोळे आमच्यावर ठरेनात.

"कोण आलंय? कोण हसतंय एवढं?"

सासूबाई खाटेपाशी गेल्या. अंबूताईंनी हात पुढे केला. बोटं कपाळावरून, नाकावरून, मग वेण्यांवरून फिरली.

"चंपे? वेण्या घालून आलीस होय गं?"

"ताई, दिसतं का तुला?"

"खिडकीपाशी बसलं की जरासं. उजेड असेल तोवर. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात तेही जाईल." अंबूताईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीकडे वळवला आणि आपलं नाक तिच्या नाकाला लागेपर्यंत जवळ आणलं. "थांब. हलू नको. बघू दे."

बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, आलेल्या निपाणीकडच्या एका बाईनं सासूबाईंना हे सांगितलं होतं, स्नेहसंमेलनाच्या चारच दिवस आधी. घरात विचारून काय होणार ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी विचारलंच नव्हतं. त्या बाईचं मला मागाहून कळलं, पण हे सोंग कशासाठी होतं ते त्या खोलीत उभं राहूनच समजलं. आप्पांना माझ्या आधी समजलं असावं, कारण ते उंबऱ्यातच थांबले होते आणि त्यांचं हसू ओसरलं होतं.

"आता," हे मागून पुढे घुसत म्हणाले, "विषय योग्य जागी आलेला आहे. सगळ्यांनी शांत राहा. मी तीन म्हणताच जागं व्हायचं. एक... दोन..."

"गप रे भूपाल," सासूबाई म्हणाल्या.

"उठली!" हे ओरडले. "उठवली! बघा आप्पा! दोनलाच उठली!"

खोलीत जो हशा पिकला तो कितीतरी वेळ थांबेना. अंबूताईंना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण त्याही हसत होत्या. सासूबाई बहिणीच्या मांडीत तोंड खुपसून हसत होत्या. आप्पांनी पाणी मागितलं, मग चहा घेतला, मग दोन दिवस मुक्काम केला. निघताना म्हणाले, "सुलोचना, तू राहा हवं तितके दिवस." उंबऱ्यापर्यंत जाऊन ते पुन्हा मागे आले. "चंपा, राहा गं," असं म्हणाले, आणि लाजून पटकन जीपमध्ये जाऊन बसले.

*

तासगावात ह्यांचा डंका वाजला. 'आरवाडेंनी आईला बालपणात नेऊन आणलं' ही बातमी पार विट्यापर्यंत गेली. विडी सोडवायला, पोराला अभ्यासाला बसवायला, रुसलेल्या सुनेला परत आणायला लोक दुकानात येऊ लागले. ह्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. कुणी झोपलं की हे जिंकायचे; कुणी नाही झोपलं तर 'ह्याच्या मनाची तयारी नाही' म्हणून पुन्हा हेच जिंकायचे.

पुढे मुंबईच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे रीतसर शिकायची संधी आली. 'तिथं आपणच त्यांना दोन गोष्टी दाखवू' म्हणून हे गेले. अधूनमधून वर्षभर जात राहिले. प्रत्येक खेपेला परत येताना थोडे गप्प होऊन येत. मग कुणी विडी सोडवायला आलं की म्हणत, "मला एवढं येत नाही हो. मोठ्या डॉक्टरांकडे जा." आप्पांनीही तोवर नंबर काढणं सोडून दिलं होतं, गिऱ्हाईक डॉक्टरांची चिठ्ठी आणायचं आणि हे काच बसवायचे. दुकान त्यानंतरच खरं चाललं.

अशाच एका दुपारी सासूबाई निपाणीहून परतल्या होत्या. अंबूताईंची दृष्टी गेलीच होती, पण त्या महिन्याआड तिकडे जात. मी शेंगा फोडत होते. हे आले आणि आईसमोर पाटावर बसले.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"मी आता थोडं शिकलोय. नुसती काच हलवून, तेही दोन मिनिटांत, माणूस असा बालपणात जात नाही. आणि गेला तरी दोन दिवस तिथं राहत नाही." त्यांचा आवाज पडला होता. "तू गेलीच नव्हतीस ना?"

मी शेंगा फोडायची थांबले. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. एवढा मोठा पुरुष, केस पिकायला लागलेला, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला.

"तू म्हणालास, स्वस्थ बस, डोळे मीट, आता काही करायचं नाही," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून असं मला कुणी म्हटलं नव्हतं रे. मला एवढं बरं वाटलं, की घटकाभर खरंच कुठं गेले ते कळलं नाही. परत येता येता मनात आलं, आता निघालेच आहे, तर निपाणी करूनच यावं."

ह्यांची मान खाली गेली. मला वाटलं, आता ह्यांना रडू येणार. मी उठून पाणी आणायला निघाले.

तेवढ्यात ह्यांची मान वर आली.

"म्हणजे घटकाभर गेली होतीस?"

"गेले होते."

"खरोखर?"

"खरोखर."

हे उठले. सदरा खाली ओढला, केसांवरून हात फिरवला.

"ऐकलंस ना त्रिशला?" ते म्हणाले. "म्हणजे जमलं होतं!"

आणि छाती पुढे काढून दुकानाकडे चालू लागले.